मुठीचा डबा

शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, भोजराजच्या हातानं मूठभर तांदूळ त्याच्याच सदऱ्याच्या खिशात टाकला. हातानंच टाकला म्हणायचं, कारण भोजराजला ते कळलं नाही. गोंदियातल्या त्या राईस मिलमध्ये तो सत्तावीस वर्षं एकच काम करत आला होता. पोत्यात परखी खुपसायची, ती टोकदार लोखंडी नळी फिरवून बाहेर काढायची, तिच्यातून आलेला मूठभर तांदूळ तळहातावर पसरून बघायचा, आणि त्या मुठीवरून सबंध पोतं चांगलं की वाईट ते सांगायचं. बघून झालं की मूठ परत ढिगात. सत्तावीस वर्षांत एक दाणा त्याच्या घरी गेला नव्हता. आणि आज मुनीम भैयाजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे भोजराज, ये क्या? जेब में?" तेव्हा कुठे त्यानं खाली बघितलं. पोत्यांवर बसलेला चैतराम हमाल हसला. "भाऊनं घरीच मिल टाकाची ठरवली, बापा. मूठ मूठ नेऊन राहिले." सगळे हसले. भोजराजनं खिसा उलटा केला, दाणे त्याच्या बुटावर पडले. भैयाजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "चलो, होता है," आणि मान वळवली. बायको गेलेल्या माणसाशी बोलायचा एक आवाज असतो, हळू, दुसरीकडे बघत काढलेला. चार महिने तो आवाज भोजराजनं पुष्कळ ऐकला होता. खिशात हात का गेला हे त्याला ठाऊक होतं. परखीतून तांदूळ हातात आला त्या क्षणी त्याला कुंदाचा आवाज ऐकू आला होता, खाटेवरून यायचा तसा, बारीक पण स्पष्ट. मूठ टाकली का जी?

कुंदाच्या मंडळीत मुठीची रीत होती. रोज संध्याकाळी, तांदूळ धुवायच्या आधी, त्यातली एक मूठ काढून डब्यात टाकायची. उरलेल्यातली नाही, वेगळी आणलेली नाही, आपल्या ताटात येणारी. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाया आपापले डबे घेऊन चर्चमध्ये यायच्या, सतरंजीवर चादर अंथरून सगळ्यांचा एक ढीग करायच्या, आणि तो ढीग त्या महिन्यात ज्या घरी नड असेल त्या घरी जायचा. लग्नानंतर पहिल्यांदा भोजराजनं तो ढीग बघितला तेव्हा त्यानं एक मूठ उचलून तळहातावर पसरली. बारीक, जाड, नवा, जुना, रेशनचा, सगळा एकात. "असं पोतं माह्याकडे आलं त मी अख्खी गाडी परत पाठवीन," तो म्हणाला. कुंदा म्हणाली, "म्हणूनच देवानं स्वर्गाच्या फाटकावर तुमाले नाही बसवलं." ती अशी होती. तिला कशातही देव सापडायचा. बुधवारी बायांच्या प्रार्थनेत ती उभी राहायची आणि कुकरच्या शिट्टीवरून, उन्हात घातलेल्या वड्यांवरून, रेल्वेच्या फाटकावरून काहीतरी सांगायची. फाटकाचं भोजराजला अजून आठवत होतं. फाटक बंद झालं की आपण फाटकावर चिडतो, पण फाटक बंद झालं म्हणजेच गाडी येऊन राहिली, आपल्याला दिसत नाही एवढंच. बाया माना डोलवायच्या. घरी आल्यावर भोजराज म्हणायचा, "तुह्या देवाले दुसरं काम नाही का? कुकरात बसते, फाटकावर बसते." ती म्हणायची, "तुमी परखी घालता ना पोत्यात? मी बी घालतो. माहं पोतं मोठं आहे, बस."

त्या शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना सायकल हातात धरून तो फाटकाशी उभा राहिला. फाटक बंद होतं. पलीकडे सालेकशाकडे जाणाऱ्या लोकांची गर्दी होती. कचारगडची गोंडांची यात्रा होती, पिवळे झेंडे, पिवळे फेटे, कडेवरची लेकरं. सगळे गाडीची वाट बघत होते. भोजराजही बघत होता, आणि त्याच्या मनात आलं की चार महिने तो अशा फाटकाशी उभा आहे, आणि गाडी काही आलेली नाही. कुंदा हे शिकवून गेली नव्हती. फाटक बंद आणि गाडीही नाही, तर माणसानं काय करायचं? पास्टर प्रफुल दोनदा घरी येऊन गेले होते. चांगला पोरगा होता, तिशीतला, चहाही नको म्हणायचा नाही. "भोजराजभाऊ, एखाद्या रविवारी तुमीच दोन शब्द सांगा. कुंदाताई सांगायच्या तसे." भोजराजनं सांगून टाकलं होतं, "मले नाही दिसत जी, तिला दिसे ते. मले पोत्यात तांदूळ दिसते." पास्टर म्हणाले होते, "अन् डबा? डबा तरी आणा. जेव्हा जमेल तेव्हा." भोजराज हो म्हणाला होता. हो म्हणणं त्याला फार सोपं जायचं. तेच तर दुखणं होतं.

डब्याचं कुणालाच माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये नागपूरच्या डॉक्टरनं कागद परत देऊन टाकले, पोटातली गाठ आता हात लावण्यापलीकडे गेली म्हणाला, आणि कुंदाला घरी आणलं. आधी ती उठायची, चूल बघायची. मग पेजेवर आली. शेवटचे अठरा दिवस ती खाटेवरून उठलीच नाही. दिवसा शेजारची मंदाबाई तिच्याजवळ बसायची, संध्याकाळी मिलवरून आला की भोजराज भात लावायचा. आणि रोज, रोज संध्याकाळी, बाहेरच्या खोलीतून विचारणा यायची. मूठ टाकली का जी? पहिल्या संध्याकाळी तांदळात हात घातलेला होता त्याचा. मूठ भरलेली होती. डबा फळीवर होता, हातभर अंतरावर. त्यानं डब्याकडे बघितलं आणि त्याच्या आत काहीतरी दगडासारखं बसलं. वीस वर्षं हिनं मूठ टाकली. एक दिवस चुकवला नाही. आणि त्याचं हे फळ? त्यानं मूठ परत पातेल्यात सोडली, वर पाणी ओतलं, आणि म्हणाला, "हो." खाटेवरून उत्तर आलं, "बरं." अठरा दिवस असंच झालं. एका संध्याकाळी तर त्यानं झाकण वाजल्यासारखं वाटावं म्हणून डब्यावर चमचा आपटला होता. त्या डब्याचं झाकण घट्ट होतं, उघडताना टण्णकन आवाज व्हायचा. चमच्याचा आवाज तसा झाला नव्हता. तरी ती म्हणाली होती, "बरं." त्याच रात्री ती गेली. ते बरं त्याच्या कानात राहिलं. माणसाच्या कानात गोम जाते म्हणतात, तसं ते आत चालत राहायचं, मिलच्या आवाजात, फाटकाच्या घंटेत. मरणाऱ्या बाईशी तो खोटं बोलला होता, आणि ज्या देवावर रागावून बोलला तो सगळं ऐकत होता. असा डबा घेऊन चर्चमध्ये कसं जायचं? अठरा दिवसांचं भोक असलेला डबा?

घरी येऊन त्यानं बूट काढले, आणि बुटातून एक दाणा पडला. तो दाणा बघत तो ओट्यावर बराच वेळ बसून राहिला. मग उठला आणि मनाशी ठरवलं. परवा महिन्याचा पहिला रविवार होता. परवा डबा न्यायचा आणि काय झालं ते उभं राहून सांगायचं. धडा नाही, बिडा नाही. झालं ते. मग बाया काय म्हणायचं ते म्हणोत. हे ठरवल्यावर त्याला बरं वाटलं नाही, पण पाय जमिनीला लागल्यासारखे वाटले. त्यानं फळीवरचा डबा खाली घेतला, झाकणाखाली नखं घातली. टण्ण. काठावरून काळे बारीक सोंडे चालत होते, एकामागून एक, घर सोडून निघाल्यासारखे. त्यानं झाकण परत लावलं. चार महिन्यांत तांदळाला कीड लागणारच. हे त्याला कळत नव्हतं असं नाही, त्याच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? गुंजननं, मुलीनं, रायपूरहून फोनवर सांगितलंही होतं. "बाबा, आईच्या डब्याला एकदा ऊन तरी दाखवा." तो हो म्हणाला होता.

शनिवारी त्यानं सुट्टी टाकली. अंगणात उन्हात जुनं धोतर अंथरलं, आणि डबा हळूच त्यावर उलटा केला. तांदूळ घळघळ खाली आला, सोबत कुंदानं टाकलेला कडुलिंबाचा वाळका पाला. डब्याच्या तळाचं आता वर आलं होतं. जुलैचं, ती हिंडती फिरती होती तेव्हाचं; नागपूरच्या खेपा सुरू झाल्यापासून डबा चर्चमध्ये गेलाच नव्हता. त्यानं सूप घेतलं आणि ढिगाच्या वरून ओंजळ ओंजळ घेऊन पाखडायला लागला. जन्मात सूप हातात धरलं नव्हतं. तांदूळ पुढे पडायचा आणि सोंडे मागे राहायचे. कुंपणापलीकडून मंदाबाईचा आवाज आला. "भाऊजी, सूप आहे का गाडीचं स्टेरिंग? कायले फिरवून राहिले?" ती हसत होती, मग तिनं धोतरावरचा डबा बघितला आणि तिचं हसू एकदम थांबलं. "कुंदाचा डबा का?" एवढंच म्हणून ती आत गेली. भोजराजला वाटलं, हाही तोच आवाज, दुसरीकडे बघत काढलेला.

हळूहळू हाताला जमत गेलं. वरचा तांदूळ एचएमटी जातीचा होता, त्यानंच बाजारातून विकत आणलेला, बारीक, आता किडीनं भोकं पाडलेला. त्यात तिच्या मुठी होत्या. तिचा हात लहान होता. मूठ टाकताना ती एकदा मूठ घट्ट करायची आणि वर आलेले दाणे ओघळू द्यायची नाही. तो म्हणायचा, "देवाले एवढी गच्च मूठ?" ती म्हणायची, "ढिली मूठ त तुमाले बी येते." त्यानं तिच्या मुठी ओळखायचा प्रयत्न केला, पण तांदूळ सगळा एक झाला होता. मग एचएमटी संपला आणि कनकी लागली. तुकडा तांदूळ, पेजेसाठी आणलेला. भोजराजचा हात थांबला. म्हणजे पेजेवर आल्यावरही. तिच्या स्वतःच्या पोटात दोन चमचे जात नव्हते, तेव्हा त्या दोन चमच्यांच्या कनकीतली मूठ. किडीनं कनकीचं पीठच करून टाकलं होतं, सुपातून धूर उडावा तसं ते उडालं. तो पाखडत राहिला. आता हे संपेल, त्यानं स्वतःला सांगितलं. हे संपलं की खाली धोतर लागेल. ते माझे अठरा दिवस. तिथं काही नाही.

पण धोतर लागलं नाही. कनकीखाली तांदूळ होता. पिवळसर, काचेसारखा, अख्खा. भोजराजनं एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला. फुटला नाही पटकन. उसना होता. धान वाफवून मग कांडलेला तांदूळ. कीड त्याला लागली नव्हती, त्या टणक दाण्यात सोंड्याची सोंड शिरत नाही. भोजराजनं ओंजळ भरून उन्हात धरली. सत्तावीस वर्षं तो मुठीवरून पोतं सांगत आला होता, त्याच्या हातून चूक होणं शक्य नव्हतं. आणि त्याच्या घरात उसना कधी शिजला नव्हता. एकदाही नाही. कुंदाला त्याचा वास चालत नसे. तो गुडघ्यांवर बसून राहिला. उन्हानं मान भाजत होती. त्याला आजोबा आठवले, कारण नसताना. नवेगाव बांधकडच्या त्यांच्या गावात तलाव त्यांच्याच घराण्यानं बांधलेला, आणि दर उन्हाळ्यात पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती पडायची, दर घरामागे ठरलेल्या टोपल्या. ज्याच्या घरी आजार असेल त्याची टोपली शेजारी टाकायचा, न सांगता. लहानपणी भोजराजनं विचारलं होतं, ही कोणाच्या नावची? आजोबा म्हणाले होते, "पाळीले टोपली पाहिजे, पोरा. नावाचं का करते पाळ? भोक राहिलं की मंग समजते." पुढे भोजराजनं नवेगावच्याच तलावात बाप्तिस्मा घेतला तेव्हा मोठा भाऊ सुकराम काठावर उभा राहून म्हणाला होता, "आज्यानं जलम घालवला पाणी अडवाले, अन् तू त्यात बुडून आला, वा!" कोळ्यांच्या डोंगीतली माणसंही हसली होती. भोजराज पाण्यातून वर आला तेव्हा त्याच्या कानात शेवाळ होतं आणि त्याला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. कुंदा काठावर रडत होती. आपलं देणं कोणीतरी आपल्या जागी भरलं आहे, असं पास्टर दर रविवारी सांगत आले, हे आणि याच्या आधीचे. त्यानं ते वीस वर्षं ऐकलं. मिलच्या भोंग्यासारखं ऐकलं.

तो ओंजळ तशीच धरून कुंपणाशी गेला. मंदाबाई दारातच उभी होती, पदराला हात पुसत, जणू वाट बघत. तिचं माहेर डोंगरगडकडचं. तिच्या घरी उसनाच शिजायचा.

"मंदाबाई, हा तुमच्या घरचा आहे."

"तांदूळ आहे भाऊजी. कोणाच्या बी घरचा राहते."

"मले नोको शिकवू बाई. तांदूळ मले बोलते."

ती कुंपणाच्या खांबाला टेकून, खाली बघत म्हणाली, "मी तिला म्हटलं होतं, तुमच्या कोठीतला काढतो. मंग मीच म्हटलं, नाही, तुमी तांदूळवाले, कोठीतला मूठभर बी कमी झाला त तुमाले समजन. म्हणून घरून पदरात घेऊन ये. अक्कल पाहा माही! तांदूळवाल्यापासून लपवाले निघाली, अन् लपवला का त उसना!"

भोजराजला हसू आलं असतं. आलं नाही. "तिला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. झाकण वाजलं नाही म्हणे. खाटेवर पडल्या पडल्या तिला घरातली माशी ऐकू ये, भाऊजी, झाकण नाही ऐकू येणार? दुसऱ्या दिवशी तुमी मिलमध्ये गेल्यावर मले म्हणे, मंदा, कालची मूठ राहिली, तेवढी टाक. रोज म्हणे. शेवटच्या दिवशी तुमी चमचा वाजवला, रात्रीच ती गेली. तिला मातीत ठेवून आल्यावर मी घरात येऊन त्या दिवसाची बी टाकली. विचारत त ती नव्हती आता, पण मले वाटलं, एकासाठी कायले भोक ठेवाचं?"

भोक. तिनं तोच शब्द वापरला. भोजराजनं खांबाला हात लावला. "रागावली नाही?"

"कोण, ती?" मंदाबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. "मीच रागावली. मी म्हटलं, सांग ना त्याले तोंडावर, खोटं कायले बोलता म्हणून. त म्हणे, नाही. म्हणे, त्याचा राग देवावर आहे, माह्यावर नाही. तो हो म्हणते ना, मंदा, त त्याचा हो खोटा नाही पडला पाहिजे. तेवढं तू कर." तिनं नाक पुसलं. "आता मी काय तुमच्या देवाची? पण मूठच त होती. देवाले का समजते कोणाची आहे ते."

"समजते," भोजराज म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला. "त्याले समजते, बाई. म्हणूनच."

तो परत ढिगाशी आला. मंदाबाईही फाटकातून आत आली, त्याच्या हातातून सूप ओढून घेतलं, म्हणाली, "सरका. उद्यापर्यंत असेच पाखडत बसान." तिनं सूप झटकलं आणि सोंडे हवेत उडून पडले, तांदूळ जागच्या जागी राहिला. दुपारभर दोघं पाखडत बसली होती. कनकीचं पीठ चिमण्यांना टाकलं. राहिलेला एचएमटी आणि उसना एकत्र डब्यात भरला. भोजराजला क्षणभर वाटलं, उसना वेगळा ठेवावा. मग त्यानं ठेवला नाही.

रविवारी चर्चमध्ये बाया डबे घेऊन आल्या. सतरंजीवर चादर, चादरीवर ढीग. भोजराज पहिल्यांदाच बायांच्या रांगेत उभा होता, हातात डबा. एक म्हातारी सरकून जागा करत म्हणाली, "या, आता तुमी बी बायकांत." त्याची पाळी आली. झाकण उघडताना टण्णकन आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून बघितलं. त्यानं डबा उपडा केला. कुंदाच्या मुठी, मंदाबाईच्या मुठी ढिगात गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. त्याला वाटलं होतं, त्या क्षणी काहीतरी तुटेल. हात रिकामे झाले, एवढंच. मग तो तिथंच उभा राहिला, पास्टरांनी बोलावलं नव्हतं तरी.

"कुंदा सांगे तसं मले सांगता येत नाही," तो म्हणाला. "झालं ते सांगतो. ती खाटेवर होती तवा रोज विचारे, मूठ टाकली का. मी हो म्हणे. टाकत नव्हतो. अठरा दिवस मी खोटं बोललो. देवावर राग होता. अजून आहे थोडा. पण डबा काल उघडला त तो भरलेला होता. जिनं भरला ती इथं येत नाही, तिचा देव वेगळा आहे. कुंदानं सांगून भरून घेतला अन् मले कळू नाही दिलं." तो थांबला. पुढचं वाक्य त्यानं सायकलवर येताना जुळवलं होतं, ते आता आठवेना. "मी पोतं पास नापास करतो. हे पोतं मी नापास केलं होतं. बस." बाहेर रस्त्यावरून यात्रेहून परतणाऱ्या गाडीतला ढोल वाजत गेला. तो ढोल पार दूर गेल्यावर रांगेतली ती म्हातारी हळूच आमेन म्हणाली, आणि मग बाकीचे. पास्टर प्रफुल डोळे पुसत होते. भोजराज खाली बसला. त्याच्या शेजारी रिकामा डबा होता.

संध्याकाळी त्यानं डबा घासला, उन्हानं गरम झालेल्या कौलावर वाळवला, फळीवर ठेवला. मग एकट्यापुरता तांदूळ घेतला. अजूनही त्याचा हात दोघांपुरता घेत होता, त्यानं अर्धा परत कोठीत सोडला. धुवायच्या आधी त्यानं मूठ भरली. घट्ट. वर आलेला एकही दाणा ओघळला नाही. झाकण काढलं. टण्ण. तांदूळ कोऱ्या पत्र्यावर पडला, पाऊस पडावा तसा मोठ्यानं, रिकाम्या डब्यात पहिली मूठ पडते तसा. बाहेरच्या खोलीत खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. भोजराज तिकडे तोंड करून, कोणी ऐकावं एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "टाकली."